घाटांची शर्यत सीमाभागात यावी, पण तिघांची म्हणून

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या वर्गवारीतील, अनेक टप्प्यांची रस्ता-सायकल शर्यत झाली. सह्याद्रीच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर जगभरातील व्यावसायिक सायकलपटूंना आणता येते, हे तिने दाखवून दिले. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाच्या मनात त्यानंतर एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. चोर्ला, आंबोली, तिलारी आणि अनमोड असे चार घाट आपल्या दाराशी असताना अशी शर्यत इकडे का येऊ नये? ती यावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र ती कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तीन राज्यांनी एकत्र येऊन भरवली तरच यावी. एकाच राज्याने भरवलेली शर्यत या भूमीत मालकीहक्काचे प्रदर्शन ठरण्याचा धोका आहे, आणि तशी शर्यत नसलेलीच बरी.

या खेळाचे गणित बाहेरून पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही. रोज एक टप्पा असतो आणि रोज एक विजेता असतो. पण अखेरचा मान सर्व टप्प्यांच्या वेळेची बेरीज ज्याची सर्वांत कमी, त्याला मिळतो. म्हणूनच १९९० मध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड याने एकही टप्पा न जिंकता ‘टूर द फ्रान्स’ ही फ्रान्समधील टप्प्यांची शर्यत जिंकली. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या घोळक्यात मागच्या स्वाराला पुढच्याचा आडोसा मिळतो आणि त्याची बरीच शक्ती वाचते. त्यामुळे संघातील सहायक स्वार आपल्या प्रमुखाला वाऱ्यापासून जपत तासन्‌तास पुढे राहतात, त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणतात, प्रसंगी स्वतःचे चाक काढून त्याला देतात. घाट सुरू झाला की वेग निम्म्यावर येतो, आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही, आणि दिवसभर घोळक्यात दडलेला प्रत्येक जण आपापल्या पायांवर उघडा पडतो. पाच दिवसांच्या सपाट शर्यतीत जे अंतर पडत नाही, ते दहा किलोमीटरच्या एका चढावर पडते.

ही गोष्ट फ्रेंचांनाही लगेच कळली नव्हती. १९०३ मध्ये एका क्रीडा दैनिकाने आपला खप वाढवण्यासाठी ‘टूर द फ्रान्स’ सुरू केली. पिरेनीज पर्वतातील २,११५ मीटर उंचीच्या तुर्माले खिंडीत ती पोहोचली १९१० मध्ये. चढाईत सर्वोत्तम ठरणाऱ्यासाठी वेगळा मान १९३३ पासून सुरू झाला आणि लाल ठिपक्यांचा सदरा त्याहीनंतर, १९७५ मध्ये आला. आपल्याकडे मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब देतात. शर्यत कोण जिंकले हे विसरलेल्या जुन्या माणसांनाही त्या वर्षीचा घाटाचा राजा कोण होता, हे आठवते.

आपले घाट आल्प्सइतके उंच नाहीत. फ्रान्समधील प्रसिद्ध आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा असून त्यात स्वाराला हजार मीटरहून अधिक उंची गाठावी लागते. आपल्याकडे कोकणच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहाशे-सातशे मीटरांचा चढ मिळतो. परंतु शर्यतीसाठी नुसती उंची पुरेशी नसते. सकाळी गोव्याच्या दमट उकाड्यातून निघालेला स्वार दुपारी आंबोलीच्या गार हवेत पोहोचतो, आणि हवेतला हा बदल त्याच्या शरीराची चढाइतकीच परीक्षा घेतो. मार्गही मनाशी सहज आखता येतो. पहिल्या दिवशी येळ्ळूरच्या राजहंसगडावर एकेकट्याने, घड्याळाविरुद्धची छोटी चढाई; दुसऱ्या दिवशी बेळगावहून खानापूर, जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला उतरून गोव्यातील साखळीपर्यंत; तिसऱ्या दिवशी डिचोली, बांदा, सावंतवाडी करत आंबोलीच्या माथ्यावर; आणि चौथ्या दिवशी आजरा, गडहिंग्लज, नेसरी, चंदगड, शिनोळी असा वळसा घेऊन पुन्हा बेळगावात. तिलारीचा घाट मी मुद्दाम वगळला आहे. तिथली तीव्र वळणे पाहता उतारासाठी तो निवडणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

नकाशावर हा मार्ग सोपा दिसतो. अवघड आहे ते त्याच्या परवानग्या एका टेबलावर आणणे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-खानापूरचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनची वेदना इथल्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि तो अजून प्रलंबित आहे. कणकुंबीच्या परिसरात कर्नाटक आणि गोवा यांच्यातील म्हादईच्या पाण्याचा तंटा आहे. लवादाने २०१८ मध्ये निवाडा देऊनही तो मिटलेला नाही. तणाव वाढला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवरच थांबतात आणि बाची-शिनोळीच्या विद्यार्थ्यांनी, रुग्णांनी, बाजाराला निघालेल्या बायकांनी काय करायचे, याचे उत्तर कोणाकडे नसते. ही तीन राज्ये एकमेकांसमोर बसतात ती बहुधा न्यायालयात किंवा लवादापुढे. सायकल शर्यतीला मात्र तीन राज्यांच्या पोलिसांची एकच संपर्क यंत्रणा लागते, सीमेवर न थांबणारी रुग्णवाहिका लागते, कोणता अपघातग्रस्त कोणत्या राज्याच्या रुग्णालयात न्यायचा हे आधी ठरवलेले असावे लागते. ही व्यवस्था चार दिवसांसाठी उभी राहू शकली, तर उरलेल्या वर्षभर ती का उभी राहत नाही, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार सीमेवरच्या गावांना मिळेल. शर्यत इथे यावी असे वाटण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच माणसांकडून येईल: आधी सीमाप्रश्न सोडवा, मग शर्यती भरवा, अशा उत्सवांमुळे आमचा प्रश्न झाकला जातो. या आक्षेपाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, कारण सायकल शर्यतीच्या इतिहासात त्याला आधार आहेत. फ्रान्सचा आल्सास-लोरेन हा प्रदेश १८७१ पासून जर्मनीच्या ताब्यात होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काही वर्षे ‘टूर द फ्रान्स’ तिथल्या मेट्झ शहरापर्यंत जात असे. रस्त्याकडेला जमलेले लोक फ्रान्सचे राष्ट्रगीत गाऊ लागले आणि १९११ पासून जर्मन अधिकाऱ्यांनी शर्यतीला प्रवेश नाकारला. शर्यतीने सीमा पुसली नव्हती. उलट सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या लोकांना काय वाटते, ते ती जाताना उघड झाले होते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे असे आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशाची स्वतःची वेगळी भाषा आहे, अस्मितेचा दीर्घ लढा आहे, त्यात रक्तही सांडले आहे. आणि सायकलचे वेड असलेला असा दुसरा प्रदेश युरोपात विरळाच. १९७८ मध्ये स्पेनची राष्ट्रीय शर्यत, ‘व्हुएल्टा’, अखेरच्या दिवशी सान सेबास्तियानमध्ये निदर्शनांमुळे विस्कटली आणि त्यानंतर तेहतीस वर्षे ती बास्क भूमीत फिरकलीच नाही. या काळात बास्क लोकांनी सायकल सोडली नाही. त्यांची स्वतःची शर्यत चालू राहिली, त्यांचे चाहते केशरी सदरे घालून पिरेनीजच्या चढांवर गर्दी करत राहिले, आणि १९९२ मध्ये ‘टूर द फ्रान्स’चा आरंभच सान सेबास्तियानहून झाला. २०११ मध्ये ‘व्हुएल्टा’ बिलबाओत परतली तेव्हा तो टप्पा इगोर आंतोन या बास्क स्वाराने जिंकला. बास्क प्रश्न त्या दिवशी सुटला असे कोणी म्हटले नाही. पण ज्या भूमीला संशयाने बाजूला ठेवले होते, तिथल्या रस्त्यांवर तिथल्याच तरुणाने आपल्या लोकांसमोर पहिले येणे, ही त्या लोकांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

या इतिहासावरून मला असे दिसते की, वादग्रस्त प्रदेशाला शर्यतीतून वगळल्याने वाद मिटत नाही, तिथल्या तरुणांचे नुकसान मात्र होते. आणि शर्यत आल्याने वाद झाकलाही जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘व्हुएल्टा’चा माद्रिदमधील अखेरचा टप्पा निदर्शनांमुळे पूर्णच होऊ शकला नाही, हे अगदी अलीकडचे उदाहरण आहे. रस्त्यावरचा खेळ तिकीट लावून बंदिस्त करता येत नाही, त्यामुळे रस्त्यावरचे लोक जे म्हणतात ते त्यात ऐकू येतेच. तेव्हा आपला प्रश्न शर्यतीमुळे दबेल ही भीती मला खरी वाटत नाही. शर्यत कोणाच्या तरी शक्तिप्रदर्शनासाठी वापरली जाईल, ही भीती मात्र खरी आहे.

तिच्यावरचा उपाय नियमांत लिहून ठेवता येतो. शर्यतीचे फलक, घोषणा आणि स्वयंसेवकांची भाषा मराठी, कन्नड आणि कोकणी अशी तिन्ही असावी, आणि हे औदार्य म्हणून नव्हे, तर यजमानपदाची अट म्हणून करारात असावे. तारखाही जाणीवपूर्वक निवडाव्या लागतील. १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आमचा काळा दिन. १७ जानेवारी हा सीमालढ्यातील हुतात्म्यांचा दिवस. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि जिल्ह्याचे पोलीस बळ त्याच कामात गुंतते. हे तिन्ही काळ टाळले, पावसाळा वगळला आणि मार्चनंतरचे ऊन नको म्हटले, तर फेब्रुवारीचा पूर्वार्ध उरतो. हवा कोरडी असते आणि घाटातले धुके विरळ झालेले असते.

फेब्रुवारीत एकच मोठी अडचण आहे, ती म्हणजे ऊस. गाळप हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग असते आणि तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचे वजन घटते, साखरेचा उताराही घटतो. शर्यतीसाठी शेतकऱ्याचा एक दिवस वाया गेला तर तो शर्यतीला शिव्याच देईल, आणि त्याचे चुकणार नाही. म्हणून रस्ता दिवसभर बंद ठेवता कामा नये. घोळका येण्याआधी काही वेळ आणि शेवटची गाडी जाईपर्यंत, असा सरकता बंद पाळता येतो. युरोपात तो वर्षानुवर्षे पाळला जातो. साखर कारखान्यांनी त्या भागातील तोडणीचे वेळापत्रक आदल्या आठवड्यात जुळवून घेतले, तर नुकसान टळते. हे बोलणे शर्यतीच्या आदल्या रात्री करण्याचे नाही. ते ऑगस्टमध्येच, हंगामाची आखणी होत असताना व्हायला हवे.

जंगलाचा प्रश्न याहून नाजूक आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य आहे, आणि चोर्ल्याच्या पलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य. शर्यतीचे निमित्त पुढे करून या घाटांत एक मीटरही रुंदीकरण होऊ नये. सायकलींच्या घोळक्याला दुपदरी रस्ता पुरतो. रुंद रस्ता हवा असतो तो भरधाव मोटारींना. कमी उंचीवरून घिरट्या घालणारी चित्रीकरणाची हेलिकॉप्टरे जंगलाच्या पट्ट्यात बंद ठेवावीत. कचऱ्याबाबत आंतरराष्ट्रीय महासंघानेच २०२१ पासून कडक नियम केले आहेत. ठरवून दिलेल्या जागेखेरीज बाटली किंवा वेष्टन टाकणाऱ्या स्वाराला दंड होतो. हा नियम स्वारांना लागू होतो, प्रेक्षकांना नाही. त्यामुळे चोर्ल्याच्या माथ्यावर गाड्या घेऊन जाणाऱ्यांना बंदी असावी. पाहायचे असेल त्याने कणकुंबीपासून चालत किंवा सायकलने जावे.

आता रस्त्यांबद्दल, कारण हा या लेखाचा सर्वांत व्यावहारिक भाग आहे. चढावर दम लागतो, पण जीव जातो तो उतारावर. १९९५ मध्ये इटलीचा फाबिओ कासार्तेल्ली पिरेनीजमधील एका उतारावर पडून दगावला. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडचा अवघ्या २६ वर्षांचा जिनो मेडर आल्बुला खिंडीच्या उतारावर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. ही युरोपातली, उत्तम राखलेल्या रस्त्यांवरची गोष्ट आहे. आपल्या घाटांत वळणावर पसरलेली खडी, तुटके कठडे, कोणतीही खूण न करता घातलेले गतिरोधक, पावसाळ्यात आलेल्या दरडीचा उरलेला मलबा आणि अचानक आडवी येणारी गुरे आहेत. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने, बोटभर जाडीच्या चाकांवर उतरणाऱ्या माणसासाठी हा रस्ता सुरक्षित करायचा, तर कठडे बांधावे लागतील, खड्डे बुजवून चालणार नाही, तर थर नव्याने टाकावा लागेल, वळणांवर खुणा रंगवाव्या लागतील. आणि जो रस्ता या स्वारासाठी सुरक्षित झाला, तो पहाटे दुधाची किटली दुचाकीला अडकवून जाणाऱ्या गवळ्यासाठीही सुरक्षित होतो. चोर्ल्याच्या रस्त्यावरून भाजीच्या गाड्या गोव्याला नेणाऱ्या चालकांनी त्या रस्त्याची दुर्दशा किती पावसाळे सोसली आहे, हे इथे सर्वांना माहीत आहे. शर्यतीच्या निमित्ताने रस्ता दुरुस्त होतो ही टीका म्हणून सांगितली जाते. मला त्यात गैर वाटत नाही. गैर आहे ते शर्यत संपल्यावर त्याच रस्त्याकडे पाठ फिरवणे. म्हणून कंत्राटातच पुढील पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असावी, आणि तिचा तपशील वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत व कन्नडमध्ये लागलेला असावा.

खर्च कशासाठी, असेही विचारले जाईल. पर्यटन वाढेल या एकाच आशेवर सार्वजनिक पैसा घालावा, असे मला वाटत नाही. आंबोलीत पावसाळ्यातली गर्दी आताच झेपेनाशी झाली आहे. पैसा घालावा तो इथल्या मुलामुलींसाठी. उत्तर कर्नाटकातील विजापूर आणि बागलकोट हे भाग सायकलपटूंसाठी देशभर ओळखले जातात, बेळगाव जिल्ह्यातच रामदुर्ग तालुक्यातील चंदरगीच्या क्रीडाशाळेत सायकलिंग शिकवले जाते, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावयात्रांत साध्या सायकलींच्या शर्यती आजही लागतात. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली द्यायला सुरुवात केली तेव्हा खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या कित्येक मुली पहिल्यांदाच स्वतःच्या सायकलवरून हायस्कूलला गेल्या. पुढे ती योजना खंडित झाली. इतकी सारी पूर्वतयारी असूनही जांबोटीच्या एखाद्या मुलीला आपण घाट किती वेळात चढतो, हे मोजून घेण्याची सोय नाही, मग निवड चाचणीची गोष्ट दूरच.

आफ्रिकेतील रवांडाचे उदाहरण इथे विचारात घ्यावे. डोंगरांनी भरलेल्या त्या छोट्या देशाने १९८८ मध्ये आपली टप्प्यांची शर्यत सुरू केली, १९९४ च्या भीषण नरसंहारानंतर ती पुन्हा उभी केली, २००९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवून दिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये किगाली येथे सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. आफ्रिका खंडातली ती पहिलीच. त्यांच्याकडे आपल्याहून अधिक पैसा नव्हता. चिकाटीने, दर वर्षी, त्याच डोंगरांत ते शर्यत भरवत राहिले आणि घरच्या स्वारांना परदेशी स्वारांच्या बरोबरीने सुरुवातीच्या रेषेवर उभे करत राहिले.

म्हणून आपल्या शर्यतीच्या आराखड्यात दोन गोष्टी पहिल्या वर्षापासून असाव्यात. प्रत्येक टप्प्याच्या दिवशी, मुख्य घोळका येण्याआधी, त्याच चढावर वाटेवरच्या तालुक्यांतील शालेय मुलामुलींची चढाई व्हावी, आणि तिची वेळही त्याच यंत्राने नोंदवावी. आणि महिलांची शर्यत त्याच आठवड्यात, त्याच घाटांत, तितक्याच बक्षिसांची असावी. फ्रान्समध्ये १९८४ मध्ये महिलांची ‘टूर द फ्रान्स’ सुरू झाली, पण काही वर्षांत ती बंद पडली आणि आताच्या स्वरूपात यायला २०२२ उजाडले. तो उशीर आपण पुन्हा करण्याचे कारण नाही.

पुढाकार कोणी घ्यायचा, हा शेवटचा प्रश्न उरतो. तीन मुख्यमंत्र्यांच्या बैठकीची वाट पाहिली तर ही गोष्ट दहा वर्षे रखडेल. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा या चार जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना एकत्र बसून मार्ग, तारीख आणि वैद्यकीय व्यवस्था ठरवण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या सहीची गरज नाही. पुरात आणि दरडीत ते एरवीही एकमेकांना फोन करतातच. पहिल्या वर्षी परदेशी संघ आले नाहीत तरी चालतील. देशातील राज्यांचे, सेनादलाचे आणि रेल्वेचे संघ, आणि दोन टप्पे, एवढ्यावर सुरुवात करता येईल: एक बेळगावहून चोर्लामार्गे साखळीपर्यंत, दुसरा सावंतवाडीहून आंबोली चढून, चंदगड-शिनोळीवरून बेळगावापर्यंत. सीमाभागातील सायकल मंडळांनी आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींनी या मागणीचे ठराव येत्या ग्रामसभांतून करून चारही कार्यालयांत द्यावेत, आणि त्या ठरावांत रस्त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीची अट पहिल्या क्रमांकावर लिहावी.